अगंज पोलादाचा सांधा कोठे तुटेल?

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग हिंगणघाट सोडल्यावर वडनेरला येतो. वर्धा जिल्ह्यातील या गावच्या विद्यार्थ्यांना रस्त्याने धावणारे चकचकीत टँकर रोजचेच. दूध, खाद्यतेल, रसायने अशा नाना वस्तू त्यांतून जात असतात. शिक्षकांनी मुलांना एकदा या टाक्यांकडे नीट पाहायला सांगावे. टाकी एका अखंड पत्र्याची नसते. वळवलेले पत्रे एकापुढे एक ठेवून ते वेल्डिंगने जोडलेले असतात, आणि वर आवरण नसेल तर हे जोड कड्यांसारखे टाकीभोवती फिरलेले दिसतात. पत्रा किती ताण सोसेल हे कारखान्याच्या दाखल्यावर लिहिलेले असते. त्या कड्यांचे काय? तेथे धातू वितळला, पुन्हा गोठला, शेजारचा भाग तापून लाल झाला आणि थंड झाला. तेथे दाखल्यावरचा आकडा चालेल का?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याचे सर्वांत गंभीर रूप टँकरवर नव्हे, तारापूरच्या अणुवीजकेंद्रात पाहावयास मिळाले. तेथे जाण्यापूर्वी मात्र आपल्याला दोन वेगळ्या वाटांनी थोडे मागे जावे लागेल. एक वाट भेगेची आहे, दुसरी गंजाची.

भेगेची वाट

दुधाची प्लॅस्टिकची पिशवी नुसती ओढून फाटत नाही. कडेला दाताने बारीकशी चीर पाडली की मग ती सहज फाटते. चिरेने पिशवीचे क्षेत्रफळ असे कितीसे कमी झाले? अगदी नगण्य. तरीही तिची ताकद पार बदलून गेली. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे ताण, आणि ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वस्तू तुटते, हे आपण शाळेत शिकवतो. या हिशेबात चिरेला जागाच नाही.

ही जागा प्रथम करून दिली ती इंग्लंडमधील फार्नबरो येथे विमानांवर संशोधन करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी. त्यांनी काचेवर प्रयोग केले आणि १९२१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा विचार ऊर्जेच्या भाषेत होता. भेग वाढली की ताणलेली वस्तू थोडी सैल होते व ऊर्जा मोकळी होते. उलट भेगेचे दोन नवे पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते. मोकळी होणारी ऊर्जा लागणाऱ्या ऊर्जेहून जास्त झाली की भेग आपोआप धावत सुटते. यातून निघणारा नियम वर्गात सांगण्याजोगा आहे : तुटण्याचा ताण भेगेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. भेग चौपट झाली की ताकद निम्मी.

काचेसाठी हे ठीक, पण पोलाद काही काच नव्हे, असे अभियंत्यांना वाटत राहिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा हा समज मोडला. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडच्या धक्क्याशी शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज मधोमध दुभंगले. वादळ नव्हते आणि बॉम्बही पडला नव्हता. जहाज रिव्हेटांऐवजी वेल्डिंगने बांधलेले होते. रिव्हेटांच्या जहाजात एका पत्र्याची भेग पत्र्याच्या कडेला येऊन थांबते. वेल्ड केलेल्या जहाजात सारे पत्रे एकजीव झालेले, त्यामुळे भेगेला थांबायला कडाच नव्हती. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा जहाजांचे पोलाद तपासून दाखवून दिले की ठरावीक तापमानाखाली ते चिवटपणा सोडून ठिसूळ बनते. पुढे १९५७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतील जॉर्ज अर्विन यांनी भेगेच्या टोकाजवळचा ताण एका संख्येत बांधला आणि भंगयांत्रिकी ही शाखा खऱ्या अर्थाने उभी राहिली.

अगंज पोलाद, म्हणजे आपले स्टेनलेस स्टील, या साऱ्यातून सुटल्यासारखे वाटत होते. अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेल्या जातीची स्फटिकरचना वेगळी असते. थंडीने ती ठिसूळ होत नाही, द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांनाही चिवट राहते. अशा धातूत भेग पडलीच तर तिचे टोक बोथट होते, भोवतालचा धातू ओढला जातो, पण काचेसारखा तडकत नाही. मग भीती कसली? भीती दुसऱ्या वाटेने आली.

गंजाची वाट

अगंज पोलाद १९१२-१३ च्या सुमारास जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी पुढे आले. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी, तर जर्मनीत क्रुप कारखान्याच्या स्ट्राउस व माउरर यांनी ते बनविले. निकेलयुक्त जात ही क्रुपची. रसायनांच्या कारखान्यांनी तिचे हर्षाने स्वागत केले, आणि थोड्याच वर्षांत एक विचित्र तक्रार ऐकू येऊ लागली. आम्लाच्या टाक्यांचे पत्रे शाबूत राहत, वेल्डही शाबूत राहत, पण वेल्डच्या दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर अंतरावर एक पट्टा कुजल्यासारखा होऊन धातूचे कण सुटे पडत. यालाच ‘वेल्ड डिके’ असे नाव मिळाले.

कारणाचा उलगडा अमेरिकेतील एडगर बेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. पोलाद साधारण ४२५ ते ८१५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात काही काळ राहिले की त्यातील कार्बन कणांच्या सीमांवर गोळा होतो व क्रोमियमशी संयोग पावून कार्बाइड बनवतो. वेल्डच्या शेजारची पट्टी नेमकी याच तापमानातून जाते. या कार्बाइडमध्ये २३ क्रोमियमच्या अणूंमागे ६ कार्बनचे अणू असतात. आता वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हिशेब करू द्यावा. अणुभार ५२ व १२ धरले तर २३ × ५२ = ११९६ आणि ६ × १२ = ७२, म्हणजे एक भाग कार्बन सुमारे साडेसोळा भाग क्रोमियम गिळतो. पोलादात कार्बन ०.०६ टक्के असेल तर सगळा मिळून जेमतेम एक टक्का क्रोमियम खर्ची पडेल, अठराचे सतरा राहतील. यात घाबरण्यासारखे काय?

गोम अशी की हा एक टक्का सगळीकडून सारखा जात नाही. कार्बनचा अणू लहान असतो, तो दुरून धावत येतो. क्रोमियमचा मोठा अणू मंदगती, म्हणून तो सीमेलगतचाच वापरला जातो. परिणामी कणसीमेला चिकटून एक अतिशय अरुंद पट्टा क्रोमियमशून्यतेकडे झुकतो. क्रोमियम बारा टक्क्यांच्या खाली गेले की पोलादाचे संरक्षक पटल टिकत नाही. सरासरी सतरा, पण सीमेवर दिवाळखोरी. सरासरीने कशी फसगत होते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

उपायही सापडले. टायटॅनियम किंवा नायोबियम घालायचे म्हणजे कार्बन त्यांच्याकडे जातो. किंवा कार्बनच ०.०३ टक्क्यांखाली ठेवायचा. ‘३०४’ या जातीपुढे ‘एल’ हे अक्षर दिसते ते या दुसऱ्या उपायाचे. वितळलेला वेल्ड गोठताना तडकू नये याची युक्ती वेगळी होती. त्यात थोडे फेराइट, म्हणजे चुंबकाकडे ओढली जाणारी लोहरचना, राहू द्यावे लागते. ते किती राहील हे घटकांच्या प्रमाणावरून आधीच सांगणारा आलेख आंटोन शेफलर यांनी १९४९ मध्ये दिला. याचा पडताळा शाळेतही घेता येतो. चांगल्या १८-८ पोलादाच्या भांड्यापाशी किंवा कठड्यापाशी दोऱ्याला टांगलेले छोटे चुंबक न्यावे. सपाट पत्र्याकडे ते वळत नाही, जोडाच्या रेषेपाशी किंचित वळते. जेथे पत्रा ठोकून वा दाबून वळवला आहे तेथेही ते वळेल, ते कारण वेगळे. आणि सगळीकडेच चिकटले तर पोलाद १८-८ जातीचे नाही.

दोन वाटा तारापुरात मिळतात

तारापूरचे अणुवीजकेंद्र समुद्रकाठी आहे. ते पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिलेल्या पहिल्या दोन संचांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास सुरुवात केली. या अणुभट्ट्यांत पाणी गाभ्यातच उकळते. सुमारे २८५ अंश तापमानाचे व सत्तर वातावरणांच्या आसपास दाबाचे हे पाणी जाड नळांतून गाभ्याभोवती फिरवले जाते. नळ कशाचे? ३०४ जातीच्या अगंज पोलादाचे, आणि अर्थातच वेल्डिंगने जोडलेले. त्या काळी जगभर या प्रकारच्या भट्ट्यांत हीच रीत होती. असा एखादा मोठा नळ एकाएकी तुटला तर गाभ्याला थंड ठेवणारे पाणी निघून जाईल, हा अणुअभियंत्यांच्या यादीतील फार वरचा धोका.

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ड्रेस्डेन केंद्रात याच प्रकारच्या भट्टीच्या एका लहान नळाला वेल्डलगत भेगा आढळल्या. भेगा कणांच्या सीमांवरून वाकड्यातिकड्या गेलेल्या होत्या. १९३३ सालचे जुने दुखणे आम्ल नसलेल्या, अत्यंत शुद्ध पाण्यात पुन्हा उपटले होते. तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. कणसीमा क्रोमियमला मुकलेल्या होत्या. किरणोत्सर्गाने पाण्याचे विघटन होऊन त्यात अत्यल्प, दशलक्ष भागांत एक दशांश-दोन दशांश इतका, ऑक्सिजन मिसळत होता. आणि तिसरी गोष्ट ताणाची. वेल्ड थंड होताना आकसू पाहतो, शेजारचा थंड धातू त्याला आकसू देत नाही, त्यामुळे बाहेरून काहीही भार नसताना सांध्यात जबर ताण अडकून राहतो. या तिन्हींपैकी एक जरी काढून घेतली तरी भेग थांबते. पुढील सगळे उपाय याच सूत्रावर उभारले गेले: कमी कार्बनचे पोलाद, पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन घटवणे, किंवा नळ आतून पाण्याने गार ठेवून बाहेरून तापवणे, जेणेकरून आतल्या पृष्ठभागावर ताणाऐवजी दाब राहील.

तारापूरची अडचण अशी की १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून येणारी मदत आटत गेली. जुन्या सांध्यांची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी करणे, भेग सापडली तर तिचे काय करायचे ते ठरवणे, हे आपल्याच माणसांना शिकावे लागले. आणि येथे सुरुवातीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. भेग आहे, मान्य. मग हा सांधा अजून किती भार सोसेल?

चिवट धातूसाठी अर्विन यांचे गणित पुरे पडत नाही, कारण तुटण्याआधी बराच धातू ओढला जातो. जेम्स राइस यांनी १९६८ मध्ये त्यासाठी ‘जे-संकलन’ नावाचे माप दिले. नळांच्या बाबतीत मात्र एक सोपा आडाखा फार उपयोगी ठरला. धातू इतका चिवट आहे की भेगेचे टोक धावणारच नाही, असे धरा. मग नळ तुटेल तो उरलेल्या साऱ्या छेदातील धातू एकदम ओढला जाऊ लागेल तेव्हा. वाकणाऱ्या नळाच्या ताणाच्या बाजूला परिघावर आरपार भेग असेल व तिने व्यापलेल्या कोनाच्या निम्मा कोन थीटा असेल, तर उरलेली ताकद मूळच्या ‘कोसाइन थीटा भागिले दोन, उणे निम्मे साइन थीटा’ इतकी. पाव परिघ भेगाळला तर थीटा ४५ अंश : ०.९२४ उणे ०.३५४, म्हणजे ५७ टक्के. तिसरा हिस्सा भेगाळला तर ४३ टक्के. अर्धा परिघ गेला तर निम्मी ताकद उरेल असे विद्यार्थी म्हणतील. उत्तर येते अवघे २१ टक्के. आतील पाण्याचा दाब येथे आपण सोडून दिला आहे.

सूत्र प्रत्यक्ष नळ तोडून पडताळले गेले. पत्र्यातून कापलेल्या, वेल्ड नसलेल्या भागात ते छान जुळले. आर्गन वेल्डिंगच्या सांध्यातही जुळले. पण लेप असलेल्या रॉडने किंवा फ्लक्सच्या पुडीखाली केलेल्या वेल्डमध्ये सांधा हिशेबाच्या आधीच तुटू लागला. गावातला वेल्डिंगवालाही चांगल्या कामाला ‘आर्गन मारू’ म्हणतो, त्यामागे दिसण्याबरोबर हेही आहे. रॉडच्या लेपातून ऑक्साइड व सिलिकेटचे अतिसूक्ष्म कण वितळलेल्या धातूत अडकतात. धातू ओढला जाऊ लागला की प्रत्येक कणाभोवती पोकळी पडते, पोकळ्या एकमेकींना मिळतात व भेग पुढे सरकते. वेल्डचा ओढून तुटण्याचा आकडा पत्र्याहून जास्त असू शकतो आणि तरीही तो भेगेपुढे लवकर हार मानतो. सामर्थ्य आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे येथे लख्ख दिसते.

अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेने १९८० च्या दशकात यासाठी एक गुणक दिला. रॉडच्या वेल्डसाठी तो १.१५ गुणिले (१ + ०.०१३ गुणिले नळाच्या इंचातील व्यासातून ४ वजा) असा, आणि पुडीखालच्या वेल्डसाठी १.३० गुणिले (१ + ०.०१० गुणिले तीच वजाबाकी). २४ इंची नळाला हे १.४५ व १.५६ येतात. म्हणजे प्रत्यक्ष भार जणू दीडपट आहे असे धरून हिशेब करायचा. आपला पाव परिघाची भेग असलेला ५७ टक्क्यांचा नळ रॉडने जोडलेला असेल तर ३९ टक्क्यांवर येतो. शंभर वर्षांच्या कामाचे सार या एका गुणाकारात आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आपल्याकडेही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने चेन्नईच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरमध्ये खऱ्या आकाराचे नळ तोडून पाहिले. आधी कार्बन पोलादाचे, मग ३०४ एलएन या अगंज पोलादाचे व त्याच्या वेल्डचे. यातील ‘एन’ म्हणजे नायट्रोजन. कार्बन काढून टाकल्याने गेलेली ताकद तो भरून देतो. नळाला खाच पाडायची, वारंवार भार देऊन खाचेतून खरीखुरी बारीक भेग वाढवायची, मग नळ तुटेपर्यंत वाकवायचा. असे प्रयोग खर्चिक असतात, पण लहान नमुन्यावरचा आकडा मोठ्या नळाला लागू पडतो की नाही हे सांगणारा दुसरा मार्ग नाही.

काय सांगता आले, काय नाही

या ज्ञानावर ‘तुटण्याआधी गळती’ ही कल्पना उभी राहिली. नळ इतका चिवट असावा की भेग आरपार जाऊन पाणी ठिबकू लागेल, ते यंत्रांना कळेल, भट्टी बंद करता येईल, आणि तोवर नळ तुटण्याच्या जवळपासही नसेल. अमेरिकेच्या अणुनियमन आयोगाने यासाठी घातलेल्या अटी कडक होत्या : गृहीत धरलेल्या भेगेतून यंत्रांना कळेल त्याच्या दहापट गळती व्हावी, आणि तुटायला लागणारी भेग त्या भेगेच्या किमान दुप्पट असावी. पण ज्या नळांना कणसीमांवरून जाणाऱ्या ताण-गंज भेगांची बाधा होऊ शकते त्यांना आयोगाने ही सवलत नाकारली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय.

त्यामागे अनुभव होता. १९७८ मध्ये आयोवा राज्यातील ड्वेन आर्नल्ड केंद्रात मिनिटाला सुमारे अकरा लिटर गळती आढळली. नळाचा तो तुकडा अगंज पोलादाचा नव्हे, निकेलच्या मिश्रधातूचा होता, पण दुखणे तेच होते. कापून पाहिल्यावर आरपार भेग परिघाच्या थोड्याच भागात दिसली. आतल्या बाजूने मात्र भेगेने पूर्ण फेरा घातला होता. गळती सांगत होती एक आणि नळ कुरतडला गेला होता त्याहून कितीतरी अधिक. भेगेचा आकार दिला तर ताकद सांगणारे गणित उत्तम होते. भेग कोठे निघेल आणि कोणता आकार घेईल, हे त्या गणिताला विचारलेच नव्हते. हे दोन प्रश्न पुन:पुन्हा एकच समजले गेले, आणि फसगत झाली ती दर वेळी दुसऱ्याच प्रश्नात.

जपानमध्ये कमी कार्बनचे पोलाद वापरूनही २००० नंतर भेगा सापडल्या. तेथे कार्बाइडचा दोष नव्हता. घासकाम व यंत्रकाम करताना पृष्ठभाग कठीण झाला होता. तारापूरचे दोन्ही जुने संच २०२० मध्ये थांबवण्यात आले आणि गाभ्याभोवती पाणी फिरवणारे नळच बदलून गंजाला अधिक तोंड देणाऱ्या पोलादाचे घालण्याचे काम हाती घेतले गेले. किरणोत्सर्गी परिसरात, अर्धशतकापूर्वीच्या बांधणीत नवे सांधे घालायचे म्हणजे काम सोपे नव्हे.

फ्रान्समधील भट्ट्या वेगळ्या प्रकारच्या. त्यांच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून या दुखण्यापासून त्या सुरक्षित मानल्या जात. २०२१ च्या अखेरीस सिव्हो येथे अगंज पोलादाच्या वेल्डलगत भेगा आढळल्या व एकामागून एक भट्ट्या तपासणीसाठी बंद कराव्या लागल्या. २०२३ च्या मार्चमध्ये पेन्ली येथील पहिल्या भट्टीची बातमी आली. २७ मिलिमीटर जाडीच्या नळात २३ मिलिमीटर खोल, १५५ मिलिमीटर लांब, म्हणजे सुमारे पाव परिघाची भेग होती. हा नळ त्याच्या मांडणीमुळे धोक्याचा नाही असे ठरवले गेले होते. जुन्या नोंदी काढल्यावर कळले की बांधकामाच्या वेळी तो सांधा नीट बसला नव्हता आणि वेल्डची दोनदा दुरुस्ती करावी लागली होती. त्यानंतर फ्रान्समध्ये तपासणीचा क्रमच बदलला. बांधकामाच्या वेळी दुरुस्त केलेले सांधे कागदपत्रांतून हुडकून आधी त्यांच्याकडे ध्वनिलहरींची यंत्रे नेण्यात आली.